वीस किलोचं माप

मे महिन्यात परतूरला सकाळी नऊनंतर अंगणात उभं राहवत नाही, म्हणून मिस्त्रींनी पोरांना साडेपाचलाच बोलावलं होतं. गॅरेजमागे लोखंडी अँगलची एक चौकट आहे. एरवी तिच्यावर इंजिन उचलायची चेनकप्पी लटकत असते. त्या दिवशी तिथे एक निळा शॉकअप टांगला होता, दांडा वर आणि नळी खाली, गाडीत असतो तसाच. नळीच्या बुडाला तारेने वीस किलोचं लोखंडी माप बांधलेलं. माप मोंढ्यातल्या एका आडतीवरून उसनं आणलं होतं. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून अशी मापं दार वाऱ्याने आपटू नये एवढ्यापुरती उरली आहेत. आडत्याने "न्या, पण आणून द्या" एवढंच बजावलं.

एका पोराने मापासकट नळी वर रेटून धरली, दुसऱ्याने खाली लाकडी ठोकळा सरकवला. चौकटीच्या खांबावर पांढऱ्या टेपच्या दोन पट्ट्या चिकटवलेल्या, मध्ये बरोबर दहा सेंटिमीटर अंतर. समोर स्टुलावर मोबाइल, सेकंदाला २४० फ्रेम टिपणारा. मिस्त्रींनी दोरी ओढली, ठोकळा निसटला आणि माप खाली यायला लागलं. दाणकन नाही. काकवीत सोडलेल्या खड्यासारखं, संथ.

मग मोबाइलवर एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजणी. उजव्या चाकाच्या शॉकअपला पहिल्या पट्टीपासून दुसरीपर्यंत यायला २४० फ्रेम लागल्या, म्हणजे नेमका एक सेकंद. डाव्या चाकाचा, त्याच खोक्यातून आलेला, त्याच दहाव्या क्लिकवर ठेवलेला: ३१२ फ्रेम. पुन्हा केलं, ३१०. पुन्हा केलं, ३१३. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. जोडी म्हणून विकलेल्या दोन नगांत जवळजवळ तीस टक्क्यांचा फरक निघाला होता, आणि तो शोधायला खर्च आला होता एका दोरीचा.

हे शॉकअप परतूरच्या गाडीचे नव्हते. पुण्यातल्या एका हौशी तरुणाची जुनी फोक्सवॅगन पोलो होती, चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडलेली. वर्षातून दोन-तीनदा तो ती ट्रेलरवर चढवून कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर नेतो. शर्यत वगैरे काही नाही. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि वीस-वीस मिनिटांच्या पाळ्यांत गाडी जीव तोडून पळवायची. महाराष्ट्रात गाड्या ढिगाने बनतात, त्या मोकळ्या सोडायला मात्र जागा नाही. कोल्हापूरला मोहिते रेसिंगचा गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे. ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक असे चालक कोल्हापुरानेच दिले, आणि महाडिक तर ब्रिटिश एफ-थ्रीपर्यंत जाऊन आले. अहिल्यानगरला लष्करी वाहन संशोधन संस्थेच्या आवारात चाचणीचे ट्रॅक आहेत, पण तिथे हौशी माणसाला कोण आत घेणार? मोठी गाडी पळवायची तर कोइम्बतूर, चेन्नई नाहीतर थेट ग्रेटर नोएडा.

तर असा पुण्याचा माणूस, कोइम्बतूरचा ट्रॅक, आणि शॉकअप निवडायला परतूरचे मिस्त्री. हा त्रिकोण जुळला वाळूजमुळे.

मिस्त्रींचं बालपण मंठा रस्त्यावरच्या वडिलांच्या गॅरेजात गेलं. तेव्हा गावात काळी-पिवळी जोरात होती. आत किती आणि टपावर किती याचा हिशोब ड्रायव्हरही ठेवत नसे. त्या जिपांच्या मागच्या चाकांवर कमानपाटे असत. वडील गाडीच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार टाकून सोडायचे आणि बघायचे: गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप जिवंत, पाळण्यासारखी हलत राहिली तर बसला. बसलेला शॉकअप घेऊनही जिपा महिनोन्महिने पळत, आणि त्याचं कारण मिस्त्रींना पुढे फार वर्षांनी कळलं. कमानीतले पाटे एकमेकांवर घासतात. ते घासणंच थोडंफार शॉकअपचं काम करून टाकतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या त्रुफोने आणि अमेरिकेच्या हार्टफर्डने मोटारींना जे पहिले शॉकअप बसवले, तेही असेच चकत्यांच्या घर्षणावर चालणारे होते. परतूरच्या जिपा त्या काळाशी इमान राखून होत्या म्हणायचं!

जालन्याला आयटीआय करून मिस्त्री वाळूजला गेले. १९८५ हे वर्ष त्या औद्योगिक वसाहतीच्या दृष्टीने मोठं. बजाजचा कारखाना त्याच सुमारास तिथे सुरू झाला आणि त्याच वर्षी औरंगाबादेत अनुरंग इंजिनिअरिंग नावाचा लहान उद्योग निघाला. आज दुचाकींच्या सस्पेन्शनमध्ये मोठं नाव असलेली एंड्युरन्स ती हीच. पुण्याकडे गॅब्रिएल इंडिया, तीही १९६१पासूनची. थोडक्यात, देशातले कितीतरी शॉकअप मराठी मुलखात जन्माला येतात, आणि ते बनवणारे हात बऱ्याचदा परतूर, मंठा, अंबड, घनसावंगीचे असतात. मिस्त्री तिथल्या एका कंपनीच्या चाचणी विभागात अकरा वर्षं होते. त्यांचं काम डायनोवर. मोटर फिरते, शॉकअप वरखाली होतो, पडद्यावर रेषा उमटते. पन्नास मिलिमीटरचा फेरा आणि मिनिटाला शंभर आवर्तनं म्हणजे दांड्याचा कमाल वेग सेकंदाला सव्वीस सेंटिमीटर, हे गणित त्यांना आजही झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. वडील थकले तेव्हा ते परतूरला आले. डायनो अर्थातच वाळूजलाच राहिला.

पोलोचा मालक एका जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने फोनवर आला, तेव्हा त्याचं अर्धंअधिक ठरलेलं होतं. कंपनीचे शॉकअप काढायचे, कॉइलओव्हर टाकायचे, गाडी साठ मिलिमीटर खाली बसवायची. प्रश्न एवढाच होता की रोध कमी-जास्त करायची एक खुंटी असलेले घ्यायचे की दोन खुंट्यांचे. फोटोही आले. वीस क्लिकवाले निळे, सोळा अधिक सोळा क्लिकवाले सोनेरी, बाहेर वेगळी टाकी असलेले.

"काका, जितक्या जास्त खुंट्या तितकं चांगलं ना?"

मिस्त्री तेव्हा नाही म्हणाले नाहीत. ते स्वतःच्या त्या गप्प बसण्याबद्दल अजून हसतात. डायनोवर अकरा वर्षं काढलेल्या माणसालाही ट्रॅक म्हटल्यावर डोळ्यांपुढे कडक गाडी आली. कडक स्प्रिंग, कडक शॉकअप, वळणावर न कलणारी गाडी. शेवटी पैशाकडे बघून निळे वीस क्लिकवाले आले, परतूरला बसवले गेले, आणि कोइम्बतूरला निघण्यापूर्वी मिस्त्रींनी चारही खुंट्या शेवटच्या क्लिकपर्यंत आवळल्या.

कारी मोटर स्पीडवेचा ट्रॅक २.१ किलोमीटरचा. ज्यांच्या नावाने तो आहे त्या एस. करिवर्धन यांनी मारुतीचं इंजिन घालून सामान्य हौशी चालकाला परवडतील अशा एकट्याने चालवायच्या शर्यतीच्या गाड्या कोइम्बतुरात बनवल्या. १९९५ मध्ये ते विमान अपघातात गेले, आणि ट्रॅक २००३ मध्ये उभा राहिला. मिस्त्री परतूरहून सिकंदराबादकडे जाणारी गाडी पकडून, पुढे आणखी एक गाडी बदलून तिथे पोचले होते. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि विजेच्या तारा बांधायच्या काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या.

ह्या पट्ट्या त्यांनी का आणल्या ते कुणालाच कळेना. गाडी उचलून त्यांनी पुढच्या शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर एकेक पट्टी आवळली, फार घट्ट नाही, बोटाने सरकेल इतपत. गाडी दबली की नळी पट्टीला वर ढकलते. गाडी उसळली की पट्टी आहे तिथेच राहते. पळून आल्यावर दांडा किती आत गेला होता ते फूटपट्टीने मोजायचं. जगभरच्या ट्रॅकवर मेकॅनिक हेच करतात. कुणी रबरी रिंग घालतो, कुणी ग्रीसचं बोट ओढतो.

पहिली पाळी संपवून मालक आला तो वैतागलेला. गाडी कलत नव्हती, तक्रार ती नव्हतीच. ब्रेक मारला की पुढचं चाक टकटक उड्या मारत होतं, आणि वळणाच्या आतल्या रंगवलेल्या कडेवरून गेलं की क्षणभर स्टिअरिंग हातात नुसतं फिरायचं. मिस्त्रींनी पट्ट्या पाहिल्या. दोन्ही वर, बंप स्टॉपच्या रबराला टेकलेल्या. एवढ्या कडक शॉकअपवर गाडी तळाला कशी गेली?

उत्तर उसळीत होतं. शॉकअप दोन दिशांना काम करतो: चाक वर येताना दाब रोखतो आणि खाली जाताना उसळ रोखतो. उसळ फार आवळली की चाक एका उंचवट्यावर वर जातं, पण स्प्रिंगला ते पुन्हा खाली ढकलायला वेळ लागतो. तेवढ्यात पुढचा उंचवटा येतो. चाक अजून वर. असं दोन-चारदा झालं की गाडी खालून दोरीने ओढल्यासारखी स्वतःच्याच स्प्रिंगवर बसत जाते आणि शेवटी रबरावर टेकते. ताशी शंभरच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास अठ्ठावीस मीटर जाते. शॉकअपने चाकाला परत यायला पाव सेकंद उशीर लावला तर ते सात मीटर रस्ता जेमतेम शिवत जाणार. कडक करून पकड वाढेल म्हणून जे केलं, त्यानेच पकड गेली होती.

दुपारच्या पाळीला मिस्त्रींनी अंदाजाने आठ क्लिक सोडले. गाडी सुधारली, पण आता डावं वळण एक आणि उजवं वळण दुसरंच काहीतरी सांगत होतं. खुंटी फिरवायची, पळवायचं, विचारायचं, पुन्हा फिरवायचं. संध्याकाळी मालकाच्या वहीत अकरा नोंदी होत्या आणि त्यातल्या कुठल्याही दोन एकमेकींशी जुळत नव्हत्या. परतीच्या गाडीत मिस्त्रींना झोप लागली नाही. डायनो असता तर हे घरीच कळलं असतं, हा विचार सिकंदराबादपर्यंत पाठ सोडीना. तिथून पुढे कधीतरी त्यांना आडतीवरची मापं आठवली.

त्या मे महिन्याच्या सकाळकडे आता परत जायला हरकत नाही.

२४० आणि ३१२ हे आकडे मिळाल्यावर मिस्त्रींनी पोरांना चहाला पाठवलं आणि वही उघडली. माप वीस किलोचं, नळी आणि खालचा कंस मिळून चार किलो. शिवाय नळीत भरलेला वायू दांड्याला सतत बाहेर ढकलत असतो. तो जोर त्यांनी आदल्या दिवशी शॉकअप घरच्या वजनकाट्यावर उलटा दाबून मोजला होता, बारा किलो. म्हणजे शॉकअपला खाली खेचणारा एकूण भार छत्तीस किलो. उजवा त्या भाराखाली सेकंदाला दहा सेंटिमीटर सरकत होता, डावा पावणेआठच्या आसपास.

आता पाहिजे किती, हा दुसरा हिशोब. पोलोच्या पुढच्या एका कोपऱ्यावर, चाक-ब्रेक सोडून, साधारण ३२० किलो वजन येतं. नव्या स्प्रिंगचा कडकपणा चाकापाशी मिलिमीटरला ४५ न्यूटन. ह्या दोन आकड्यांवरून गाडीचा झोका काढता येतो. मूळ स्प्रिंगवर तो सेकंदाला सव्वा-दीड होता, आता एकोणीस दशांश म्हणजे जवळजवळ दोन. झोका एकाही फेऱ्यात न हलता थेट थांबवायला जितका रोध लागतो त्याला पुस्तकात पूर्ण रोध म्हणतात. रस्त्यावरची आरामाची गाडी त्याच्या पाव हिश्शावर चालते, ट्रॅकची गाडी अर्ध्याच्या थोडी पुढे. मिस्त्रींनी साठ टक्के धरले. उत्तर आलं: दांडा सेकंदाला दहा सेंटिमीटर वेगाने सरकताना शेहेचाळीस किलोच्या आसपास जोर.

डावा शॉकअप बरोबर तिथेच होता. दहाव्या क्लिकवर. आणि कोइम्बतूरला तो विसाव्या क्लिकवर होता.

एवढं कळल्यावर दुसरा कुणी उजवी खुंटी तीन-चार क्लिक आवळून मोकळा झाला असता. मिस्त्रींनी तेही करून पाहिलं. चौदाव्या क्लिकवर उजवाही ३०८ फ्रेमवर आला. पण मग त्यांनी दुपारी अडीच वाजता, अंगणातला पत्रा चटके देत असताना, पुन्हा तीच चाचणी केली. तेल तापून पातळ झालं होतं. डावा ३१२वरून २८५वर आला, उजवा ३०८वरून २५०वर. सकाळी जुळवलेली जोडी दुपारी मोडली. आतली झडप, तिच्यावरच्या पातळ पोलादी चकत्या, पिस्टनची घट्टाई, काहीतरी मुळातच वेगळं होतं आणि खुंटी ते झाकत होती. ट्रॅकवर तर ऊन बाजूला राहो, शॉकअप स्वतःच स्वतःला तापवतो. गाडीची सगळी उसळ शेवटी त्या वाटीभर तेलाची उष्णता होऊन जाते.

निळे शॉकअप परत गेले. विक्रेत्याशी झालेला संवाद इथे देण्यासारखा नाही.

आता निवड पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, आणि या वेळी प्रश्न मिस्त्री विचारत होते. विक्रेत्यांना त्यांनी तीनच गोष्टी मागितल्या: प्रत्येक नगाचा, त्याच्या क्रमांकासह, डायनोवरचा आलेख, सील आणि तेल सुटं मिळेल का, आणि चकत्या बदलून रोध बदलता येईल असा तो उघडतो का. एकाने क्लिकांचा रंगीत तक्ता पाठवला. एकाने प्रसिद्ध चालकाचा फोटो. एकाने विचारलं, आलेख कशाला, तुम्ही इंजिनिअर आहात का? मिस्त्रींनी आयटीआय सांगितलं.

आलेख मागायचं कारण साधं. खुंटी फिरवली की बहुतेक शॉकअपमध्ये एक सुई एका बारीक छिद्राचं तोंड कमी-जास्त करते. दांडा हळू सरकत असताना तेल त्या छिद्रातून जातं, तेव्हा खुंटीला अर्थ असतो. खड्ड्यावर दांडा सेकंदाला अर्धा मीटर वेगाने धावला की तेवढ्याशा छिद्रातून किती तेल जाणार? मग सगळं काम चकत्यांवर येतं आणि वीसही क्लिकांच्या रेषा आलेखावर एकमेकींना जाऊन मिळतात. हळू आणि जलद हे दांड्याचे वेग आहेत, गाडीचे नाहीत, आणि इथे भलेभले गोंधळतात. ताशी दीडशेने लांब वळण घेणाऱ्या गाडीचा दांडा मुंगीच्या चालीने सरकत असतो. बैलगाडीच्या चाकोरीतून वीसच्या वेगाने जाणाऱ्या जिपेचा दांडा मात्र तोफेसारखा सुटतो. शिवाय स्वस्त मालात एकच सुई दोन्ही दिशांना वाट करून देते. तुम्ही उसळ सोडायला जाता आणि दाबही सैल होतो. हे खोक्यावर लिहिलेलं नसतं.

मालकाचं मन अजून सोनेरी, दोन खुंट्यांवर होतं. मिस्त्रींनी त्याला फोनवर हिशोब मांडून दाखवला.

"दाबाचे सोळा, उसळीचे सोळा. पुढच्या चाकांचे दोनशे छप्पन्न प्रकार झाले. मागचेही तेवढेच. दोन्ही मिळून पासष्ट हजार पाचशे छत्तीस. तुम्हाला दिवसाला पाळ्या किती मिळतात, दादा?"

"पाच."

"मग बसा हिशोब करीत."

फोनवर दोघंही हसले, पण मुद्दा मालकाला पटला तो दुसऱ्याच कारणाने. सोनेरी शॉकअप उघडायचा तर तो परदेशी पाठवावा लागत होता. पोलोसारख्या गाडीत पुढचा शॉकअप चाकाचा खांबही असतो. वळणावर सगळा आडवा भार त्याच्यावर येतो, दांडा एका बाजूला घासतो आणि सील इतरांपेक्षा लवकर जातं. सील गेलं की हंगाम गेला. त्यापेक्षा एकाच, फक्त उसळीच्या खुंटीचा, पण पुण्यात उघडता येणारा शॉकअप मिस्त्रींना बरा वाटत होता. या कल्पनेत नवं काही नाही. नेदरलँड्सची कोनी १८५७ मध्ये घोडागाडीचं सामान बनवत सुरू झाली, आणि तिच्या पिवळ्या शॉकअपची खुंटी आजही फक्त उसळच बदलते. त्या पिवळ्या शॉकअपच्याही आधी अमेरिकेत गॅब्रिएलचा जो 'स्नबर' निघाला तो तर चक्क एक पट्टा होता. गाडी दबताना सैल पडायचा, उसळताना आवळायचा. स्प्रिंगला दबताना फारसं कुणी अडवलं नाही तरी चालतं. परत येताना तिला धरावं लागतं.

नवी जोडी आली ती आलेखांसह. मिस्त्रींनी ती आधी चौकटीवर टांगली. माप दुसऱ्यांदा उसनं आणलं. आडत्याने या वेळी विचारलं, नेमकं तोलताय तरी काय? मधल्या क्लिकवर डावा २९८ फ्रेम, उजवा ३०२. दुपारच्या उन्हात २८१ आणि २८४. वाळूजला असते तर मिस्त्रींनी हा फरक वहीतही लिहिला नसता.

गाडी साठ मिलिमीटर खाली बसवायचा बेतही त्यांनी पंचवीसवर आणला. त्या खांबाच्या रचनेत गाडी फार खाली घेतली की खालचा आडवा हात चाकाकडे वर चढतो, गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीपेक्षा भराभर खाली जातो, आणि बुटकी दिसणारी गाडी वळणावर आणखीच कलते. मालकाला दिसण्याचं दुःख झालं. त्याने ते बोलूनही दाखवलं.

कोइम्बतूरच्या आधी परतूरलाच एक फेरी झाली, गंमत म्हणून. शेगाव–पंढरपूर दिंडीमार्ग गावावरून जातो, काँक्रीटचा. काँक्रीटच्या रस्त्याला साधारण साडेचार मीटरवर आडवा सांधा कापतात. ताशी ऐंशीने गेलं तर सेकंदाला पाच सांधे. खाली काळी माती. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. तिच्यावरचा रस्ता सपाट राहणार म्हटलं तरी किती राहणार? लोणारकडे निघालेल्या पोलोत मिस्त्री शेजारच्या सीटवर, मांडीवर वही. दोन क्लिक सैल केले की सांध्यांची धडधड तेवढीच राहत होती आणि फक्त गाडीचं डोलणं वाढत होतं. म्हणजे खुंटी आलेखात दाखवली होती तिथेच काम करत होती. सांध्यांचं काम चकत्यांकडे होतं आणि त्यांना हात लावायची गरज नव्हती. वाटेत कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकमागे अडकून बराच वेळ गेला. तेवढ्यात मालकाने विचारलं की इथे राहून तुम्हाला असलं काम मिळतं का. मिळतं. इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं विचारतात. फॉर्म्युला भारतसाठी ती स्वतः गाडी बनवतात, तिला डोंगरी सायकलचे शॉकअप लावतात, आणि स्पर्धा कारी स्पीडवेवरच होते. त्यांना मिस्त्री हीच मापाची युक्ती सांगतात, फक्त माप पाच किलोचं.

दुसऱ्या खेपेला कोइम्बतूरला पाचही पाळ्यांत मिळून तीनदाच खुंटी फिरली, आणि तीही मागच्या चाकांची. पुढच्या दांड्यावरची काळी पट्टी दर वेळी रबराच्या अकरा-बारा मिलिमीटर अलीकडे थांबत होती. फेरी पहिल्या खेपेपेक्षा सव्वा सेकंदाने कमी झाली. त्यात शॉकअपचा वाटा किती आणि दुपारी मालकाने मुकाट्याने कमी केलेल्या टायरच्या हवेचा किती, हे मिस्त्रींनी कुणाला सांगितलेलं नाही. त्यांच्या वहीत दोन्ही नोंदी एकाखाली एक आहेत.

परत आल्यावर माप आडतीवर पोचवायचं राहूनच गेलं होतं. ते न्यायला काढलं त्याच सकाळी एक जुनी कमांडर जीप दारात उभी राहिली. मागच्या डाव्या शॉकअपने तेल सोडलं होतं, सगळी नळी धुळीने माखून काळी झालेली. ड्रायव्हरला घाई होती, मंठ्याची सीटं भरून बसली होती. मिस्त्रींनी शॉकअप काढला, नवा लावला, गाडी लावून दिली. मग जुना चौकटीवर टांगला, खाली माप बांधलं, पोराला मोबाइल धरायला सांगितलं. दोरी ओढली. धप्प. पोरगा फ्रेमा मोजायला बसला तोवर आडतीवरचा हमाल माप न्यायला आलाच.

वहीत पोलोच्या ३०२ खाली आता आणखी एक ओळ आहे: कमांडर, मागचा डावा, २६.